टेबलावरच्या दोन टोप्या

शवपेटीची गाडी अकराला यायची होती. साडेदहा होत आले तरी माझा मेहुणा फार्कर स्वयंपाकघरात टेबलावरच्या दोन टोप्यांकडे बघत बसला होता. किल्ट नेसून झालेला, मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, बूट लखलखीत. डोकं तेवढं उघडं. गेलेली इशबेल त्याची बायको, पण माझी सख्खी धाकटी बहीण, रडू मलाही येत होतं. पण त्याचा चहा तिसऱ्यांदा गार झाला तेव्हा माझा धीर संपला.

"फार्कर, टोपी निवडायचीय, नवरी नाही."

"नवरी निवडणं सोपं गेलं होतं, ऊनाताई."

एक टोपी ग्लेनगॅरी. होडीसारखी लांबट, मागे दोन काळ्या फिती. बॅगपाइप वाजवणाऱ्याची टोपी. आमच्या खोऱ्यात वाजवणारा हा एकटाच. आठवडाभर टपालाची गाडी हाकायची आणि शनिवारी कुणाच्या तरी लग्नात, नाहीतर दफनात, सगळ्यांच्या पुढे चालायचं. एक्केचाळीस वर्षं हेच. स्वतःच्या लग्नातसुद्धा चर्चमधून हा वाजवत पुढे आला आणि इशबेल मागून, आमच्या वडिलांचा हात धरून. त्या फोटोत नवऱ्याची पाठ आणि दोन फिती तेवढ्या दिसतात.

दुसरी बाल्मोरल. गोल, निळी, वर लाल गोंडा. त्याच्या पन्नाशीला इशबेलनं आणली होती. "कधीतरी नुसता नवरा म्हणून माझ्या शेजारी उभा राहा," म्हणाली होती. घराण्याचा बिल्लाही तिनंच शिवला. टोपी त्याच्या डोक्यावर ठेवून, समोर उभं राहून, आपल्या डाव्या हाताला खडूची खूण केली, आणि बिल्ला बसला त्याच्या उजव्या कानावर! तो डावीकडे असतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. फार्करनं तिला चूक सांगितली नाही. "जरा घट्ट होते," म्हणाला आणि टोपी एकवीस वर्षं कपाटात ठेवली. खरं कारण मला माहीत होतं. मीही गप्प राहिले. आज स्वतःचाच राग येतो.

आता अडचण अशी, की पेटी कबरीत उतरवताना पहिला दोर नवऱ्याच्या हातात असतो आणि डोकं उघडं. वाजवणारा लांब उभा राहतो, टोपी घालून. दोन्ही एकाच माणसाला जमत नाही.

"तिनं काही सांगितलं होतं?" मी विचारलं.

"नाही. मीही विचारलं नाही. शेवटी शेवटी ती झोपूनच असायची." त्यानं डोळे चोळले. सात महिने तो तिला उचलून बसवत होता, भरवत होता. "सगळ्या खोऱ्याला वाजवून पोचवलं आणि बायकोला एका सुराविना धाडलं, असं म्हणतील."

"म्हणू देत. त्यांना काय, फुकटचं ऐकायला मिळतं."

तो किंचित हसला. मग त्यानं ग्लेनगॅरी चढवली. ती सरळ कानांवर उतरली. डोकं काही लहान होत नाही म्हणा, पण केस गेलेले, गालही गेलेले. मी मागे जाऊन फिती आवळल्या आणि गाठ मारली.

"दम आहे का वाजवायला?"

"एक धून निघेल. कशीबशी."

तेवढ्यात गाडीवाला ड्यूगल दार ढकलून आत आला. एरवी बडबड्या, आज हलक्या आवाजात म्हणाला, "पाइप पुढच्या सीटवर ठेवू का, फार्करदादा? माणसं पार फाटकापर्यंत उभी आहेत."

फार्करनं कोपऱ्यातल्या पेटीकडे पाहिलं. पाइपच्या पेटीकडे. मग म्हणाला, "नको रे ड्यूगल. आजवर चारचौघांत एकदाही मी तिच्या शेजारी नव्हतो."

ग्लेनगॅरी काढून त्यानं गोल टोपी उचलली. मी लगेच कात्री घेतली. "आण इकडे. चार टाके उसवून डावीकडे लावते, दोन मिनिटांचं काम."

"राहू दे, ताई. ती उभी होती तिथून बिल्ला बरोबरच दिसत होता."

कबरीपाशी वारा होता, बाकी काही नाही. लोक मागे वळून पाहत होते, सूर अजून का येत नाही म्हणून. फार्करनं टोपी माझ्या हातात दिली आणि उशाकडचा दोर घेतला. शेवटचा हातभर दोर त्यानं बोट बोट सोडला, पेटी डगमगली नाही.

नंतर सगळे सूप प्यायला हॉलकडे निघाले. फार्कर दगडी कुंपणावर टेकला. मी टोपी पुढे केली, ती त्यानं डोक्यावर बसवली.

"बिल्ला उलट्या बाजूला आलाय, फार्करदादा," जाता जाता ड्यूगल म्हणाला.

"माहीत आहे."

"चल, सूप गार होईल," मी म्हटलं.

"होऊ दे गं. फार दमलोय मी."