गतिरोधकावरचे पट्टे

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. दर सोमवारी महादेवाच्या देवळात हात जोडतो — तिथंही दुसरंच काहीतरी पुटपुटून परत येतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही, हे इतक्या वर्षांत मला कळून चुकलंय.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. रेणापूर तालुक्यात, लातूरकडं जाणाऱ्या सडकेला लागून. खिळे, कुलपं, पाइप, साखळ्या, रंगाचे डबे. रंगाचे डबे — एवढं ध्यानात ठेवा. गावात मला अप्पा म्हणतात. भावाभावांत वाद झाला की मला बोलावणं येतं. अप्पा बोलले म्हणजे झालं, असं म्हणणारी माणसं अजून आहेत. त्यांच्यापुढं मी मान हलवतो, आणि घरी येऊन मला जेवण जात नाही.

सुरुवात कुठून करू? सडकेपासूनच करतो.

पूर्वी आमची सडक म्हणजे नुसते खड्डे. गाड्या रांगत जायच्या. रांगणाऱ्या गाडीतल्या माणसाला दुकानाची पाटी दिसते, मग त्याला घरची मोडकी कडी आठवते, आणि तो उतरतो. मग सडक रुंद झाली. दोन्ही बाजूंचे लिंब तोडले, माझ्या दुकानासमोरचा तेवढा एक राहिला. गाड्या सुसाट सुटल्या. आत काय विकतात ते वाचायलासुद्धा कुणाला वेळ उरला नाही.

त्याच दिवसांत शाळेपुढं एका जीपनं चौथीतल्या पोरीला उडवलं. पाय मोडला, पोर वाचली. गाव पारावर जमलं. ब्रेकर पाहिजे, सगळे म्हणाले. बरोबरच होतं. पण कुठं?

शाळा गावाच्या त्या टोकाला, माझं दुकान या टोकाला. मी उठून बोललो — गाड्या या टोकानं गावात घुसतात, इथंच वेग मोडला तर शाळेपर्यंत त्या आपसूक सावकाश जातील. लेकरांचा जीव, वगैरे वगैरे. ऐकायला पटण्यासारखं होतं. खोटं नेहमी पटण्यासारखंच असतं, नाही का? माझ्या मनात लेकरं नव्हती. माझ्या मनात माझी पाटी होती.

आमच्या भागात ब्रेकर कसा होतो, ते तुम्हाला माहीत आहे का? अर्ज नाही, परवानगी नाही. डांबराचं काम चालू असतं तेव्हा मुकादमाला गाठायचं, त्याच्या माणसांना पोटभर जेवू घालायचं, की तो सांगाल तिथं सडकेवर आडवा ढीग ओतून रोलर फिरवतो. जेवण जेवढं झकास, तेवढा ब्रेकर उंच. माझ्या घरून शेंगाच्या पोळ्या, धपाटे आणि दही गेलं, पंगतीला गावही बसलं. ब्रेकर झाला तो बैलाच्या वशिंडासारखा. समोरचा हॉटेलवाला म्हणालासुद्धा, "लई थोर झाला की हो!" मुकादम हात पुसत म्हणाला, "अप्पाच्या पोळ्या बी काय बारीक नव्हत्या." सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो.

जाता जाता तो मुकादम मला म्हणाला होता, "पांढरे पट्टे मारून घ्या बरं का, अप्पा. वर लिंबाची सावली हाय, नसता दिसायचा न्हाई."

हो म्हणालो. रंग माझ्याच दुकानात, ब्रश माझ्याच दुकानात. उद्या मारू म्हणालो. मग दिवाळी आली, गिऱ्हाईक वाढलं. मग कुणाचं लग्न, मग कुणाचं काय. तासाभराचं काम होतं हो — उद्यावर ढकलत तीन महिने गेले. मधल्या काळात किती गाड्या उडाल्या! दूधवाल्याच्या किटल्या सांडल्या, एका मास्तरचा चष्मा फुटला. आणि आम्ही काय करायचो? दुकानाच्या पायरीवर बसून हसायचो. "उडाला, उडाला!" लांबून गाडी येताना दिसली की आम्ही चहाचा कप तसाच हातात धरून वाट बघायचो. हे पण मला सांगायलाच पाहिजे.

माघाचा महिना होता, सकाळचे अकरा. ऊन चांगलं तापलं होतं, लिंबाच्या सावलीनं सडकेवर काळे-पांढरे ठिपके पडले होते. लोह्याकडून एक मोटारसायकल आली. फार वेगात नव्हती — हे मी शपथेवर सांगतो, माझ्या शपथेला आता काही किंमत असेल तर. चालवणारा माधव. पुढं टाकीवर सहा-सात वर्षांची लेक, मागं बायको सुरेखा. लातूरला नात्यातल्या लग्नाला निघालेले. सुरेखा एका बाजूला पाय सोडून बसली होती, मांडीवर आहेराची पिशवी. डोक्याला काय, मागं बसणाऱ्या बाईच्या डोक्यावर आपल्याकडं पदराशिवाय काही असतं का?

गाडी उडाली. माधवनं ती सांभाळली, लेकीला एका हातानं धरलं, दहा पावलांवर थांबला. मागं वळून बघतो तर बायको सडकेवर.

मी धावलो. पाणी मीच पाजायला गेलो, ते तोंडातून बाहेर आलं. जीप मीच थांबवली, तिला उचलून आत मीच ठेवलं. लेक रडत नव्हती, नुसती आईच्या चपलेकडं बघत होती. एक चप्पल तिथंच राहिली होती. ती मी नंतर लिंबाच्या बुंध्याशी नेऊन ठेवली.

दीडच्या सुमाराला लातूरहून फोन आला, की बाई काही वाचत नाही, पोलीस जागा बघायला येतील. फोन हॉटेलवाल्याला आला होता. त्यानं मला सांगितलं, माझ्याकडं नुसतं बघितलं आणि आत निघून गेला. मी ब्रेकरकडं बघितलं. काळ्या सडकेवर काळा उंचवटा. आता पहिला प्रश्न काय येणार? हा कुणी टाकला?

त्या क्षणी मला त्या बाईची आठवण झाली नाही. टाकीवरच्या लेकीचीही नाही. मला माझं नाव आठवलं.

गाव जेवायला बसलं होतं. मी आतून पांढऱ्या रंगाचा डबा काढला. गाड्या अडवायला सडकेवर दोन रिकामी पिंपं आडवी लावली, आधी एक बाजू रंगवली, मग दुसरी. तीन महिने न झालेलं काम मी अर्ध्या तासात उरकलं. रंग नवा, उन्हात असा झळकायला लागला की कुणीही म्हणावं, आत्ताच मारलाय. चोराच्या मनात चांदणं. मग मी टोपलं घेऊन गेलो, सडकेकडेची धूळ भरून आणली आणि त्या पट्ट्यांवर टाकली. चपलेनं घासली. वरून ट्रक गेले, ट्रॅक्टर गेले. संध्याकाळपर्यंत पट्टे जुने दिसायला लागले. तोवर सुरेखा गेली होती.

कुणी बघितलं नसेल का? बघितलं. हॉटेलवाल्यानं बघितलं, पिठाच्या गिरणीवाल्यानं बघितलं. पण पोळ्या सगळ्यांनीच खाल्ल्या होत्या. अख्ख्या गावानं तोंडात मिठाची गुळणी धरली. आमच्या हिनंही बघितलं असावं. रात्रीच्या भाकरी थापायच्या आधी तिनं तो ब्रश रॉकेलमध्ये भिजत घालून ठेवला होता. मी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी जमादार आले. पंच म्हणून गावातला वजनदार माणूस पाहिजे — म्हणजे मी.

"पट्टे कवाचे हायत, अप्पा?"

"दिवाळीच्या आधीचे," मी म्हणालो.

त्यांनी लिहिलं. गतिरोधकावर पांढरे पट्टे, लांबून स्पष्ट दिसतात. खाली मी सही केली, माझी नेहमीची, वळणदार. आणि गुन्हा माधववर लागला. हयगयीनं गाडी चालवून बायकोच्या मरणाला कारण झाला म्हणून.

इथपर्यंतचं मी कदाचित कधीतरी कुणाला सांगूही शकलो असतो. माणूस घाबरतो, घाबरून काहीबाही करतो. पुढचं मात्र मी घाबरून केलेलं नाही. विचार करायला मला पुरता वेळ होता.

तेरावं झाल्यावर माधव दुकानात आला. डोकं भादरलेलं. मी स्टूल दिलं, तो बसला नाही. म्हणाला, "अप्पा, त्या दिवशी तुमी पाणी पाजलं तिला. तुमच्यावर इश्वास हाय म्हणून आलो. कागदात पट्टे होते म्हणून लिवलंय. मला तर पट्टे दिसलेच न्हाईत हो. मी जमादाराला म्हणलो, पट्टे नव्हते. ते म्हणले, पंचानं सही केली. मेव्हणा लेकीला घेऊन गेला लोह्याला. म्हणून राहिला, तू बघितलं न्हाईस, तुझ्या हातानं गेली माझी बहीण. पट्टे नव्हते असं अप्पा म्हणले, तर लेक परत धाडतो म्हणलाय. खरं सांगा. पट्टे होते का?"

एक शब्द हवा होता त्याला. पोलिसांपुढं नको, कोर्टात नको. फक्त मेव्हण्याला सांगण्यापुरता.

मी काय विचार केला, सांगू? हा मेव्हण्याला सांगेल, मेव्हणा वकिलाला सांगेल, वकील मला उभा करेल. पंच खोटा ठरला तर अप्पाचं काय राहिलं?

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "होते, माधवराव," म्हणालो. "मीच मारले होते."

त्यानं भांडण केलं नाही. केलं असतं तर बरं झालं असतं. तो बाहेर गेला, ब्रेकरपाशी उभा राहिला, वाकून त्या पट्ट्यांवर हात फिरवला. मग परत आला आणि म्हणाला, "मग मलाच दिसले न्हाईत."

कोर्टात मला साक्षीला बोलावलं होतं. मी बाकावर तयार होऊन बसलो होतो, पांढरे कपडे, कपाळाला विभूती. माझी पाळीच आली नाही. माधवनं गुन्हा कबूल आहे म्हणून सांगितलं. कोर्ट उठेपर्यंत त्याला बसवून ठेवलं आणि सोडलं. शिक्षा ती एवढीच. लेक मामाकडंच राहिली.

त्यानंतर तेरा वर्षं झाली. माधवनं मोटारसायकल विकली, पुन्हा हँडलला हात लावला नाही. दर वर्षी माघात त्याच दिवशी तो एसटीनं येतो. माझ्याकडून पांढऱ्या रंगाचा डबा घेतो आणि ब्रेकरवरचे पट्टे स्वतः मारतो, सरळ, सावकाश. म्हणतो, माझ्यासारखा आणखी एखादा आंधळा यायचा. हो, डोळेही तपासून आला तो. नांदेडला जाऊन, मग लातूरला. "डोळे चांगले हायत म्हणतेत, अप्पा. मंग मला का दिसलं न्हाई?" हे तो मला दर वर्षी विचारतो. पोराटोरांना विचारावं तसं साधं विचारतो. मी दर वर्षी चहा मागवतो.

ब्रेकर अजून आहे. माझ्या पाटीचं म्हणाल तर ती आता कुणालाच वाचता येत नाही, धुरानं काळी पडली. प्रत्येक ट्रक तिथं दबतो, गिअर बदलतो आणि काळा लोट आमच्या दुकानात सोडून जातो. आमच्या हिची छाती त्यानं गेली, दिवसातून दोनदा दम्याचा पंप ओढते. लोक म्हणतात, दुकान हलवा. मी हलवत नाही. ही माझी शिक्षा आहे, असं मध्यंतरी मी मनाशी म्हणून बघितलं. पण खोकते ती. मी ठणठणीत आहे.

यंदाही माधव आला. केस पिकलेत. डबा उघडता उघडता म्हणाला, "लेकीचं लगीन झालं, अप्पा. दिवाळीनंतर. मला पत्रिका न्हाई आली. मी गेलो होतो तसा लोह्याला, मंडपाच्या भाईर उभा राहून बघून आलो. आईवानी दिसते." थोडा वेळ रंग ढवळत राहिला. मग म्हणाला, "बरोबर हाय तिचं."

माझ्या ओठांवर आलं होतं, असं मी म्हणणार नाही. आलं नव्हतं. मी त्याला ब्रश दिला.

तो चार वाजेपर्यंत पट्टे मारत होता. गाड्या त्याच्या बाजूनं जात होत्या, मी दुकानातून बघत होतो. एसटीत चढताना त्यानं मला हात जोडले. मीही जोडले.

त्या दिवशी सडकेवर पट्टे नव्हते, माधवराव. एकही नव्हता. तुमचे डोळे चांगले आहेत.