घरचा कोन

आमचे गणिताचे सर देवळातही उलटी प्रदक्षिणा घालतात, अशी सांगलीत आवई होती. ती आम्ही पोरांनीच उठवलेली. सर मूळ वाईचे, न चुकता गणपतीला जाणारे, पण कॉलेजात इंटरच्या वर्गात कोन शिकवताना ते टेबलाभोवती फिरत आणि ओरडत, "प्रदक्षिणा ऋण! उलटी फेरी धन!" झालं, ते कायमचे 'प्रदक्षिणासर' झाले.

आम्हा खेड्यातल्या पोरांना हे पचत नसे. देवाला घालतो ती फेरी ऋण कशी? उणं म्हणजे उलटं, असा माझा सरळ हिशेब. त्यामुळे उणे दीडशे अंश मी हटकून उलट्या फेरीने मोजायचो.

कोनाची रेघ फिरून थांबली, की जवळच्या आडव्या रेघेशी तिचा जो कोन होई, त्याला सर 'घरचा कोन' म्हणत. "कसा हिंडलास ते राहू दे, घर किती लांब ते सांग. आणि घरचं अंतर कधी उणं नसतं, बाळ!" माझा घरचा कोन बरोबर तीस अंश यायचा, पण रेघ आडव्या रेघेच्या खाली असायची ती वर जायची आणि साइनचं चिन्ह चुकायचं. सर कपाळाला हात लावत. "अरे, घर सापडलं आणि दार चुकलास!"

सहामाहीला मी आपटलो. थोरला भाऊ तेव्हा लढाईवर होता. वडील पलटणीतले जुने हवालदार. मलाही भरती करायचं म्हणून ते आमच्या गावाहून, आष्ट्याहून थेट कॉलेजात आले. या भरतीच्या धास्तीने घरी आईने अन्न सोडलं होतं.

"आवं मास्तर, शिक्षान ह्याच्या नशिबात न्हाई. पलटणीत घालतो," वडील म्हणाले.

"हवालदारसाहेब, नवा रंगरूट उजवीकडे म्हटल्यावर डावीकडे वळला, तर त्याला घरी धाडत होता का?"

"छ्या! सुरवातीला समदीच चुकत्यात. घोटून घ्यावं लागतंय."

"याचीही चूक तेवढीच आहे. मला घोटून घेऊ द्या."

वडील हसले. "बरं, वार्षिकापातुर ऱ्हाऊ दे." सरांनी मग मला व्हरांड्यात हात पसरून गरागरा फिरवलं. पोरं खिदळली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वार्षिकाला मी पास झालो. त्या माणसावर माझा बापाइतका जीव जडला.

थोरला लढाईवरून आला नाही. त्याचे दिवस झाल्यावर आई सांगलीला आली, जन्मात पहिल्यांदा. सरांच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाली, "मास्तर, ह्यो एक तरी राखलासा."

 सर तिच्यासमोर फरशीवरच बसले आणि रडू लागले.