दवाखान्याच्या वहीतले माझे नाव

घटनास्थळ: चौसाळ्याच्या अलीकडचे महामार्गावरील वळण. वेळ: भर दुपारची. जखमी: मेंढपाळ बायजाबाई, उजवी मांडी मोडलेली. धडक देणारे वाहन: एका पुढाऱ्याची पांढरी जीप, जी थांबली नाही. साक्षीदार: एकच. तहसीलसमोर लोकांचे अर्ज लिहून देणारा मी. मोटारसायकल कडेला टाकून, एका टेम्पोला हात करून मी बाईंना दवाखान्यात नेले. टेम्पोवाला नाव न देता निघून गेला; तो त्याचा हक्कच. मला मात्र पोलीस चौकीत आणले गेले.

बाकावर टेकलो तोच जमादार ओरडला, "ऊठ बे! बाकाला रगत लागलंय. पूस."

रक्त बायजाबाईंचे. सदरा माझा. मी स्वतःच्या उपरण्याने बाक पुसला. वीस वर्षे इतरांच्या अपमानाला शब्द दिले. स्वतःच्या अपमानाला फक्त उपरणे. "खाली बस." बसलो. तीन तास. फरशीवर.

शिक्षण सातवीपर्यंत, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाची झेरॉक्स माझ्या पिशवीत कायम असते. अपघातग्रस्ताला पोहोचवणाऱ्याला अडकवू नये, नावाची सक्ती करू नये, सन्मानाने वागवावे. मीच ती लोकांना वाचून दाखवतो. आणि मीच दवाखान्याच्या वहीत, कोणी न विचारता, पूर्ण नाव, गाव, जीपचा नंबर, 'धडक समक्ष पाहिली' असे लिहून खाली सही ठोकली होती. बिननावी अर्जाला केराची टोपली, हे आमच्या धंद्यातले पहिले ज्ञान. हात सवयीने चालला.

मी झेरॉक्स पुढे केली. पुढाऱ्याचा भाचा येऊन बसला होता. त्यानेच ती वाचली.

"काका, लई शाने तुमी. कोर्टच म्हनतंय, नाव द्यायची सक्ती न्हाई. मग दिलं कावून? लिवून द्या, काय बघितलं न्हाई. च्या घ्या, घरी जावा."

"आन् न्हाई दिलं तर?"

"तर बाई तुमच्याच गाडीखाली आली. रगत तुमच्याच अंगावर हाय."

जमादाराने कोरा कागद फरशीवर सरकवला. "लिव. तुजं अक्षर चांगलं हाय म्हनं."

माझ्या संरक्षणाचा निकाल, आणि त्याच्याच आधाराने मला गप्प बसवायचे! साक्षीतून माझे नाव काढले की धडक कोणी पाहिलीच नाही. मेंढरे साक्ष देत नाहीत.

मी उठलो. बाकावर बसलो. लिहिले: जीप मी पाहिली. नंबर मी वाचला. नाव मी स्वखुशीने दिले आहे. सही केली.

जमादाराने कागद फाडला. गुन्हा माझ्यावर नोंदवला.

सबब मेहेरबान वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांस विनंती की, बायजाबाईंचा जबाब दवाखान्यात जाऊन प्रथम नोंदवावा. त्यानंतर साक्षीदार म्हणून माझा. माझ्यावरील खोट्या गुन्ह्याचे नंतर पाहू. दवाखान्याची वही ताब्यात घ्यावी, ती गहाळ होण्यापूर्वी. लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास हाच अर्ज दर सोमवारी, याच सहीने, आपल्या टेबलावर येईल.