माझंच खोटं, पण बाई मला सांगंना

च्या घ्या आधी, मग सांगतो. न्हायतर हसताना नाकातून यील. जल्मभर म्या लोकांची टोपी उडवली, ह्या खेपंला माझीच उडाली, आन तीबी आपल्या ईट गावच्या भर चौकात. पर एक आधीच सांगून ठिवतो. माफी म्या मागितली न्हाय आन मागनारबी न्हाय.

तर आमची नात, रुतुजा. अकरावीला भूमला जाती. पोरगी आशी बडबडी की घरात टीव्ही लावायची गरज न्हाय. दिवाळीनंतर काय झालं कुनास ठावं, बोलायचीच बंद झाली. भाकरी मोडून ठिवायची, खायची न्हाय. कालिजाला निघायचं म्हनलं की डोकं दुकायचं. तिच्या आईनं दवाखाना केला, आमच्या म्हातारीनं दिष्ट काढली. म्या माझा विलाज केला, तिच्या चपलीत बेडूक ठिवला. आधी आसलं काय केलं की घरभर वरडत पळायची, मला शिव्या घालायची. ह्या टायमाला तिनं बेडूक गपचिप उचलला, भाईर सोडला आन दार लावून घेतलं.

तवा मलाबी भ्या वाटलं.

मग कालिजातल्या म्याडमनी रस्ता काढला. पुन्यात एक बाई हायत, पोरापोरींच्या मनाचं बघत्यात, ते बी मोबाईलवरच. दर मंगळवारी चारला फोन, तोंड दिसतं तसला. रुतू त्यांना ताई म्हनायची. पयल्या दिशी बाईंनी आमा समद्यांम्होरं सांगितलं, "ऋतुजा मला जे सांगेल ते माझ्याजवळच राहील. फक्त तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच घरी सांगेन, आणि तेही आधी तिला सांगून."

म्या भाईर यून हसलो. आवं, आपल्या गावात मानूस शिंकायच्या आधी शेजारी म्हनतो, सर्दी झाली म्हनं. आन ही बाई म्हनं बात पोटात ठिवनार.

रुतूबी पयले काई मंगळवार निस्ती हूं-हूं करायची. एकदा शेळीला पाला टाकता टाकता मला म्हनली, "आबा, ताई चांगल्या वाटतात. पण मी काही सांगितलं आणि त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं तर? काय भरोसा?"

हे तिनं कुनाला इचारावं? मला. उभ्या तालुक्यात ह्या कामाला माझ्याएवढा हुशार मानूस हाय का?

म्हनलं, "बाय, भांडं गळतं का न्हाय ते कसं बघत्यात?"

"कसं?"

"आधी पानी वतून. दूध मागनं."

"म्हणजे?"

"म्हंजी आधी एक खोटी बात सोडायची. आठवडाभर कान उघडं ठिवायचं. फिरून गावात आली, तर बाई गळकी. न्हाय आली, तर वत दूध."

"कसली बात?"

"आशी, की जी पोटात ठिवली तर मानूस फुगून मरंल. सांग, आमचं आबा आजी आसताना दुसरं लगीन करनार हायती."

पोरगी खुदकन हसली. लई दिसानं हसली वो. त्या हसन्यासाठी म्या खरंच लगीन केलं आसतं.

मंगळवारी तिनं ताईंना ते सांगितलं. बुधवारी म्या महादूच्या सलूनमधी दाढी करून आलो. शुक्रवारी हाटिलात गेलो, तर हाटिलवाल्यानं फडक्यानं बाकडं झाडलं. "बसा नवरदेव. सोनारी गावचं स्थळ म्हनं? तितल्या भैरवनाथानंच जुळवलं म्हनायचं."

दुसऱ्या कुनाला राग आला आसता. मला उकळी फुटली. गळली बाई, गळली.

घरी जातोय तवर म्हातारी गिरनीवरून आलेली. दळान तिथंच टाकून. गिरनीत तिला कुनीतरी म्हनलं, "तुमी आता सवतीच्या हातचं खानार की वो." माझं अंथरून वट्यावर पडलेलं.

"जावा तिकडंच, सोनारीला."

"आगं, खोटं हाय ते."

"जल्मात कधी खरं बोललाव, म्हनून आता मानू?"

अंथरून बगलंत धरून म्या तसाच रुतूकडं गेलो. "फुटली तुझी बाई. पुन्याहून ईटला तीन दिसात. यष्टीबी येवढ्या लवकर येत न्हाय."

मला वाटलं, पोरगी म्हनंल, आबा, काय डोकं हाय तुमचं. पर तिचं तोंड आसं झालं, जशी चुलीत पानी वतल्यावर राख. मग हळूच म्हनली, "म्हणजे आता कुणालाच काही सांगायचं नाही." आन भिताडाकडं तोंड करून पडली. ताट आलं तसं माघारी गेलं. दुसऱ्या दिशीबी.

म्या जिकलो व्हतो, पर टाळी वाजवाया घरात कुनी नव्हतं.

मंगळवार आला. चारला फोन वाजाया लागला. रुतू उचलंना. म्हनलं, आसं कसं, माझ्या नातीचं तोंड बंद करून ही बाई सुकानं ऱ्हानार? लिवता-वाचता येत न्हाय, पर हिरवं बटन मला कळतं.

"म्याडम, म्या रुतूचा आज्जा. तुमी गळक्या हायसा."

"नमस्कार आबा. काय झालं?"

"माझ्या लग्नाची बात गावभर झाली. रुतूनं फकस्त तुमाला सांगितली व्हती."

"आबा, तुमचा राग मला दिसतोय. पण ऋतुजा माझ्याशी काय बोलली, काय नाही, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही."

"आवं, म्याच तिला ती बात दिली व्हती, तुमाला सांगाया."

"तरीही नाही."

"माझं सोताचं खोटं हाय वो ते."

"असेल. पण ते माझ्यापर्यंत आलं का, हे फक्त ऋतुजा सांगेल."

बघा म्हंजी. आपलीच म्हैस, आन कोंडवाड्यातून आपल्यालाच सोडनात, तशी गत. म्या आजून तोंड उघडनार, तवर दारातून म्हातारी झाडनी घिऊन वरडली, "तिला काय इचारताव? त्या सोनारीवालीचं नाव काय ते सांगा आदी."

भिताडाकडचं तोंड हिकडं वळलं.

"सोनारी?" रुतू उठून बसली. "सोनारी कुठून आली?"

"आली म्हंजी? गाव म्हनतंय."

"मी ताईंना नुसतं लग्न म्हणाले. गावाचं नाव घेतलंच नाही. तुम्हीपण मला सांगितलं नव्हतं."

म्या घसा खाकरला. पंक्याकडं बघितलं. पंका बंद व्हता.

"आबा. कुणाला सांगितलंत?"

"महादूला," म्या म्हनलं. "निस्तं महादूला. कुनाला सांगू नको म्हनून बजावलं व्हतं."

आता तुमीच सांगा. येवढी झ्याक युक्ती करायची आन ती कुनालाच दावायची न्हाय? मोर काय कोंबड्याच्या खुराड्यात नाचतो का? आन महादूनं इचारलं, नवरी कुठली, तर त्याच्या वस्तऱ्याखाली गप बसू? आलं तोंडाला, सोनारी. त्यानं बात म्होरं सरकावली, फकस्त 'खोटं हाय' येवढं शेपूट कातरीनं कापून.

फोनमधली बाई हसली न्हाय. व्हट दाताखाली धरून बसली व्हती, ते मला दिसत व्हतं. रुतूनं फोन माझ्या हातातून वढला.

"ताई, मी खोटं बोलले होते. तुम्हाला तपासत होते."

"बरं केलंस. अनोळखी माणसाला तपासूनच घ्यावं. परत वाटलं तर परत तपास."

ऐकलं का? येवढी शिकलेली बाई म्हनली, बरं केलंस. मग माफी कशापायी मागायची म्या?

"आबा, बाहेर," रुतू म्हनली.

दार लागलं. म्या वट्यावर, माझ्या अंथरुनापाशी. आतून आधी रडल्याचा आवाज आला, मग बोलल्याचा. लई येळ बोलल्याचा. म्हातारीनं झाडनी खाली ठिवली आन माझ्याजवळ यून बसली. शिवी सुदिक दिली न्हाय.

आता पोरगी कालिजाला जाती. भाकरी खाती. तिला काय झालं व्हतं, ते तिच्या आईला तिनं सोताच सांगितलं. म्हातारीलाबी म्हाईत हाय, तिच्या चेहऱ्यावरनं कळतं. मला कुनी सांगत न्हाय. पुन्याच्या बाईला इचारलं, तर म्हनती, तिलाच विचारा. तिला इचारलं, तर तिनं मला खालून वर बघितलं. म्हनली, "आबा, आता तुमचं भांडं बघावं लागेल." आन एक बारकी बात माझ्या कानात सांगितली. "पुढच्या मंगळवारपर्यंत ही कुणाला कळली नाही, तर मग बाकीचं सांगते."

तर म्या ठिवलीया. महादूनं खोदून खोदून इचारलं, दाढीच बंद केली त्याच्याकडची. तुमीबी आसं माझ्याकडं बघू नका. कापून टाकला तरी सांगनार न्हाय. आबा म्हंजी काय चीज हाय, ते त्या पोरीला दावनारच. आवो, तिनं तर मला येवढं बजावलंय की आबा, मी तुमच्या कानात काही सांगितलंय, हेसुद्धा कुणाला कळता कामा नये.

...

थांबा. च्या ठिवा खाली. कुनीबी हितनं उठायचं न्हाय.