नावाचा रकाना शेवटी

सौदीत खोबरहून जुबैलला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो, तेव्हा नाशिकहून कुलथे वहिनींचा मेसेज आला... सर गेले. शेजारच्या केरळी सहकाऱ्यानं "क्या हुआ?" विचारलं. "मेरे गुरु थे," एवढंच मला सांगता आलं. महिना झाला, तीन शब्दांत भागवल्याची रुखरुख जात नाही.

सर आमच्या प्लांटमधल्या अपघातांची चौकशी करायचे आणि घरी मध्ययुगीन युरोपचा इतिहास वाचायचे. शुक्रवारच्या सुट्टीला पोह्यांच्या आशेनं त्यांच्या फ्लॅटवर जमलेल्या आम्हा मराठी मंडळींची त्यातून सुटका नसे. ख्रिस्ती समाज ज्यूंचा एवढा द्वेष का करू लागला, हा त्यांचा लाडका विषय. "येशू ज्यू, त्याचे शिष्य ज्यू," सर सांगायचे, "पण त्याला मारल्याचा ठपका मात्र अख्ख्या जमातीवर, पिढ्यान्पिढ्या. चर्चमध्ये दर वर्षी तेच ऐकायचं. बऱ्याच ठिकाणी त्यांना जमीन नाही, कारागिरांच्या संघात प्रवेश नाही. सावकारी तेवढी मोकळी ठेवली आणि मग सावकार म्हणून शिव्या दिल्या. पुढे प्लेग आला, विहिरीत विष कालवल्यानं आला अशी आवई उठली. विष कुणी टाकलं हे शोधावंच लागलं नाही, नाव आधीच तयार होतं."

"पण प्लेगनं ज्यूही मरत होतेच ना?" वहिनी स्वयंपाकघरातून दर वेळी विचारायच्या.

"मरत होते. तरी जाळलं त्यांना."

आम्ही पोहे खात माना डोलवायचो. मला तर ते सगळं फार लांबचं वाटायचं.

मग आमच्या युनिटमध्ये वायुगळती झाली, दोघे जखमी झाले. अहवालाचा पहिला मसुदा माझा. कारण लिहिलं, ऑपरेटर रफीकचा निष्काळजीपणा. लखनौकडचा रफीक भांडखोर, सुपरवायझरशी हुज्जत घालणारा. ज्याच्या त्याच्या तोंडी त्याचंच नाव होतं. त्याला घरी पाठवलं की प्रकरण खलास. सरांनी लाल पेन्सिलीनं त्या नावावर रेघ मारली. "पाहिलंस की ऐकलंस?"

मी मसुद्याची पानं चाळू लागलो.

"गळतीच्या आधी तुझं त्याच्याबद्दल काय मत होतं?"

"हेच..."

"मग चौकशी कसली केलीस? तू अजून त्या विहिरीपाशीच उभा आहेस."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण लाज जास्त वाटली.

आधी वस्तू, मग पद्धत, नावाचा रकाना शेवटी, हा त्यांचा नियम. तीन दिवस त्यांनी मला उन्हात पाइपलाइनवर फिरवलं. पाइपच्या जोडातलं गॅस्केट चुकीच्या दर्जाचं निघालं. स्टोअरमधूनच तसं आलेलं, रफीकनं नीट बसवलेलं. वरून फोन येत होते, यल्ला, चला लवकर, पहिल्या मसुद्यावर सही करून टाका. सरांनी केली नाही. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवानाच, कंपनीच्या हाती असताना असं अडून बसणं म्हणजे काय, हे इथे राहिलेल्यालाच कळेल. अशा माणसाच्या हाताखाली मी शिकलो, याचा मला फार अभिमान आहे.

निवृत्त होताना त्यांनी ती पेन्सिल मला दिली. गेल्या आठवड्यात एका पंपाला आग लागली. रफीक आता फोरमन आहे. तो तावातावानं माझ्या टेबलाशी आला आणि त्यानं एका नव्या नेपाळी कामगाराचं नाव स्वतःच चौकशीच्या फॉर्मवर लिहिलं. "साब, वही है. सब बोल रहे हैं."

"रफीकभाई, देखा या सुना?"

तो थांबला. त्याची नजर टेबलावरच्या त्या लाल पेन्सिलीवर गेली... "कुलथे साहब ने मेरे लिए भी यही पूछा था ना?"

मी मान हलवली. बोटभर उरलेली ती पेन्सिल त्यानं उचलली आणि नावावर रेघ मारली.