‘सौम्य’ न लिहिणारा वामन

वामन परब गेल्याचं त्याच्या मुलीने, नंदाने, फोनवर सांगितलं, त्याला आता तीन आठवडे झाले. तरुणपणी आम्ही दोघं गिरगावातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. समोरासमोर टेबलं. इंग्रजीत तारेने आलेल्या बातम्या मराठीत करायच्या, हे आमचं काम.

त्या तारांत ‘माइल्ड’ हा शब्द सारखा यायचा. थंडी माइल्ड, भूकंपाचा धक्का माइल्ड, पुढाऱ्याचा ताप माइल्ड, विरोधकांची टीकाही माइल्ड. वामन दर वेळी वेगळा शब्द शोधायचा. थंडी ‘बेताची’, धक्का ‘हलका’, पुढाऱ्याच्या अंगात नुसती ‘कणकण’. लाठीमार तेवढा ‘सौम्य’. तो शब्द सगळ्यांच्याच हातात बसला होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस, आठवड्यातून दोनदा तरी तो लागायचाच.

एकदा लालबागच्या मोर्चाची बातमी वामनने केली... ‘सौम्य लाठीमार, काही जण किरकोळ जखमी.’ तो करी रोडला चाळीत राहायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या सावंतकाकी पेपर घेऊन दारात आल्या. त्यांचे यजमान गिरणीत मागावर होते.

“वामना, ह्यां तूच लिवलंस मां?”

“होय काकी.”

“सौम्य म्हणजे काय ता सांग माका.”

“म्हणजे... फार जोरात नाही असा.”

काकी त्याला हाताला धरून आपल्या खोलीत घेऊन गेल्या. सावंत भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात प्लास्टरमध्ये, बोटं काळीनिळी. वामनकडे बघून ते कसंनुसं हसले.

हे त्याने मला त्याच दुपारी सांगितलं. पुढच्या वेळी तशी तार आली तेव्हा त्याने तो शब्द गाळला, परळच्या हॉस्पिटलात स्वतः जाऊन आला आणि किती जणांची हाडं मोडली ते लिहिलं. संपादकांनी बोलावून घेतलं.

“तारेत आहे ते लावायचं, परब.”

“लाठी किती जोरात बसली, हे तार करणाऱ्याला कसं कळतं, साहेब?”

संपादकांनी तो कागद माझ्याकडे दिला. मी ‘सौम्य’ घातलं, हॉस्पिटलची ओळ काढली. नोकरी नवी होती, घरी आई आजारी होती... कारणं होती.

वामनला हवामानाच्या मजकुरावर बसवलं. जेवणाच्या सुट्टीत तो एवढंच म्हणाला, “तुझं अक्षर ओळखलं मी.” आणि डब्यातली माशाची तुकडी माझ्याकडे सरकवली. पुढे तीस वर्षं आमची मैत्री राहिली. त्याने तो विषय पुन्हा काढला नाही, मला काढता आला नाही. सावंत परत मागावर उभे राहू शकले नाहीत. त्यांना एका शाळेत पहारेकऱ्याचं काम लागलं, ते वामननेच खटपट करून.

निधनाची बातमी लिहायला नंदाने मला सांगितलं. मी सवयीने लिहिलं, ‘अल्पशा आजाराने निधन झाले.’

“काका,” ती म्हणाली, “सहा महिने बाबा अंथरुणावर होते. कूस बदलताना ओरडायचे.”

मी खोडलं. ‘सहा महिने अंथरुणाला खिळून होते’ असं लिहिलं.

संध्याकाळी पेपरातून फोन आला. “सर, नेहमीप्रमाणे ‘अल्पशा आजाराने’ करू ना?”

“नका करू,” मी म्हणालो. “आहे तसंच जाऊ द्या.”

सकाळी पेपर आल्या आल्या मी आधी ते पान उघडलं. ओळ तशीच होती.