दुकानात अंधार मागितला तेव्हा

ज्यांनी माझ्या दादाचं घड्याळ बनवलं, त्यांच्यापैकी एकानेही कधी गोदामात पाय ठेवलेला नाही, हे मी पैजेवर सांगते. त्यांच्या डोक्यात अंधार म्हणजे बेडरूम, नाहीतर सिनेमाचं थिएटर. अंधार दिसला की स्क्रीन मंद करायची, म्हणजे साहेबांची झोप मोडणार नाही. अंधारात कुणी उभं राहून काम करत असेल, हे त्यांच्या गावीही नाही.

माझा मोठा भाऊ जन्मापासून बहिरा आहे. वस्तीतल्या प्रश्नांसाठी भांडणारं आमचं एक मंडळ आहे, त्यातले मला दर वेळी 'कर्णबधिर' लिहायला सांगतात. दादा म्हणतो, काय लिहायचं ते लिहा, फक्त मी आंघोळीला गेलो की दार बडवत बसू नका, बाहेरून दिवा चालू-बंद करा. 'म्हणतो' असं मी लिहिते, कारण तो हातांनी म्हणतो आणि मला ते ऐकल्यासारखंच कळतं. त्याच्या भाषेत प्रत्येकाला एक खूण असते. माझी खूण म्हणजे हवेत नाचवलेलं बोट. मंडळाची पत्रकं वाटताना मी तशीच दिसते म्हणे.

तो निघोजेच्या बाजूला एका गोदामात कामाला आहे. गाड्यांचे सुटे भाग तिथे उंच रॅकवर ठेवलेले असतात आणि मागणी येईल तसा माल काढून द्यायचा असतो. दादाकडे अलीकडे मागच्या रांगा आल्या होत्या. तिथे माणूस आला की आपोआप लागणारे दिवे बसवलेत. निम्मे लागतच नाहीत, आणि जे लागतात ते माणूस वाकला की विझतात. वीजबचत! मजल्यावर फोन हातात धरायला बंदी, कारण माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट गाड्या फिरत असतात. फोन खिशातच ठेवायचा. दादासाठी सुपरवायझरने स्मार्टवॉचची परवानगी काढून दिली होती, हे त्याच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. त्याने मेसेज टाकायचा, दादाच्या मनगटाला थरथर जाणवली की वाचायचं आणि बोटाने 'ठीक' दाबायचं. सहा महिने हे झकास चाललं, कारण तेव्हा दादा पुढे, ट्रक भरतात त्या डॉकजवळ होता. उजेडात.

मागच्या रांगांत गेला आणि गडबड सुरू झाली. थरथर व्हायची, दादा मनगट वर करायचा आणि काचेवर राखेने लिहिल्यासारखं काहीतरी दिसायचं. डोळे ताणून पहिला शब्द लागेपर्यंत स्क्रीन बंद. पुन्हा उघडायची, पुन्हा राख. मग तो रांगेच्या तोंडाशी उजेडात पळायचा, आणि तिथे सुपरवायझर कमरेवर हात ठेवून उभा. घड्याळात ब्राइटनेसच्या तीन पायऱ्या होत्या. दादा कधीचाच तिसऱ्या पायरीवर होता. पण अंधार दिसला की घड्याळ स्वतःच्या अकलेने ती पायरी गुंडाळून ठेवायचं, आणि ही अक्कल बंद करायची सोयच त्याच्यात नव्हती.

सुपरवायझरला त्यातून एवढंच दिसलं की पोरगा उत्तर देत नाही. एकदा मागे येणाऱ्या फोर्कलिफ्टबद्दल मेसेज टाकला, दादा हलला नाही, ड्रायव्हरने वेळेत ब्रेक मारला म्हणून निभावलं. त्या संध्याकाळी निर्णय झाला. पुढच्या महिन्यापासून दादा पॅकिंगच्या टेबलावर.

आमच्या घरी हे कळलं तेव्हा आईला बरंच वाटलं. आई मूळची बीडकडची, इथे येऊन वीस-पंचवीस वर्षं झाली तरी बोली सोडली नाही.

"मंग काय वाईट हाय? बसून काम मिळालंय तर बसावं की लेकरा. पाय तरी दुखायचे न्हाईत."

दादाने ताट बाजूला सरकवलं. बोलायला त्याला दोन्ही हात लागतात, म्हणून जेवताना तो भांडत नाही. त्या दिवशी भांडला. म्हणाला, टेबलावर दिवसभर तीच खोकी आणि तीच चिकटपट्टी. रांगा मला पाठ आहेत. कुठला बोल्ट कुठल्या कप्प्यात ते मी डोळे मिटून सांगतो. माझ्या जागी ज्याला आणतील तो पहिल्याच दिवशी हरवेल. आणि टेबलावर एकदा बसवलेला बहिरा परत उठवत नाहीत, मी बघितलंय.

"काय म्हणतोय गं?" आईने मला विचारलं. तिला सगळं कळलं होतं. तिला वेळ हवा होता.

मी रागाने जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. मथळा: 'मनगटावरचा अंधार चालणार नाही!' खाली मागण्या, त्याखाली जाहीर निषेध. दादाने ते वाचलं आणि हसत सुटला.

"हे वाटणार कुणाला? घड्याळाला?"

मग घड्याळाच्या कंपनीला मेल केला. उत्तर आलं की आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे, कृपया घड्याळ बंद करून पुन्हा सुरू करा. मी ते दादाला दाखवलं. त्याने घड्याळ बंद केलं, सुरू केलं, पलंगाखालच्या अंधारात हात घातला, बाहेर काढला आणि आपला मोलाचा अनुभव मला कळवला: पुन्हा राख.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं गाडीवरून चिंचवडला त्यांच्या दुकानात गेलो. दिवे तरी किती! लग्नाच्या हॉलला लाजवतील एवढे. छताला दिवे, कपाटांत दिवे, काउंटरच्या खालूनही दिवे. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक तरुण मॅनेजर पुढे आला. मी तक्रार सांगितली. त्याने दादाचं घड्याळ हातात घेतलं, वर धरलं आणि खुश झाला.

"मॅडम, एकदम क्लिअर दिसतंय."

"इथे दिसणारच. इथे आंधळ्यालाही दिसेल. दिवे घालवा."

"काय?"

"दिवे. पाच मिनिटं."

"अहो मॅडम, शोरूम आहे."

आमच्या वस्तीत रस्त्यावर दिवे लागावेत म्हणून मी दोन वर्षं महापालिकेच्या पायऱ्या झिजवल्यात, आणि इथे भर दुकानात दिवे घालवा म्हणून भांडत होते. मागच्या खोलीत जाऊ म्हटलं, तर ग्राहकांना आत परवानगी नाही. व्हिडिओ काढून आणा म्हणाला. काढलेला होता, दाखवला. फोनचा कॅमेरा अंधारात आपला आपण उजेड वाढवतो, त्यामुळे व्हिडिओत अक्षरं ठणठणीत दिसत होती. "बघा ना, दिसतंय की!" माझा आवाज चढला. एक जोडपं हेडफोन बघायचं सोडून आमच्याकडे बघायला लागलं.

दादाला आवाज ऐकू येत नव्हता, पण माझी मान ताठ झाली की त्याला कळतं. त्याने माझ्या दंडाला हात लावून मला गप्प केलं. अंगातलं गाडीवर घालायचं जाडजूड जॅकेट काढलं, मॅनेजरच्या हातात घड्याळ बांधलं आणि जॅकेट तंबूसारखं वर धरून मानेनेच म्हणाला, या.

मॅनेजरने इकडेतिकडे पाहिलं. मग काय वाटलं कोण जाणे, वाकला आणि घड्याळासकट आत शिरला. भला माणूस.

काउंटरजवळ एक आजोबा चार्जर बदलून घ्यायला आले होते. ते म्हणाले, "काय हो, जुन्या फोटोवाल्यासारखं चाललंय काय? मी हसू का?"

जॅकेट मी धरलं आणि दादाने माझ्या फोनवरून मेसेज टाकला. जॅकेटच्या आतून आवाज आला, "आला. हां. अं... थांबा. गेलं. परत उघडतो. हां, काहीतरी आहे..."

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"ये... येतो? येऊ का? गेलं परत."

मॅनेजर बाहेर आला. केस विस्कटलेले, ओळखपत्र पाठीवर गेलेलं. दिव्याखाली त्याने मनगट धरलं आणि वाचलं. 'मागे व्हा सर, गाडी येतेय.'

आजोबा म्हणाले, "अरे बापरे."

"माझंही पहाटे जिमला जाताना असंच होतं," मॅनेजर केस सारखे करत म्हणाला. "मला वाटलं डोळे गेले. नंबर काढायला जाणार होतो." मग त्याने सरळ सांगितलं की ही गोष्ट त्याच्या हातात नाही, या मॉडेलमध्ये ती सोयच दिलेली नाही. पण तक्रार त्याने आमच्यासमोर टाइप केली. दादाला खुर्ची दिली, प्रत्येक वाक्य दाखवून विचारलं, बरोबर? दादाने दोन ठिकाणी बदल सांगितले. "वर कळवतो," तो शेवटी म्हणाला.

'वर कळवतो' हे शब्द मी महापालिकेत इतक्यांदा ऐकलेत की बाहेर पडताना मला हात हलवत परतल्यासारखंच वाटत होतं. दादा मात्र खुशीत होता. परतताना सिग्नलला गाडी थांबली तशी त्याने हँडल सोडून दोन्ही हातांनी बोलायला सुरुवात केली.

"सोमवारी जॅकेट नेणार."

"कुठे?"

"आत. सुपरवायझरसाठी."

"मी पण येते. पत्रक छापून घेते, गेटवर—"

"तू गेटवर. आत मी."

सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि आमच्या दोघांत ते फक्त मला ऐकू येत होते.

सोमवारी दुपारी शिफ्ट सुटायच्या वेळेला मी गोदामाच्या गेटबाहेर चहाच्या टपरीशी पत्रकं घेऊन उभी राहिले. मथळा बदलला होता, निषेध बराच कमी केला होता. मागणी एकच ठेवली होती: अंधारात स्क्रीन किती मंद व्हावी हे घालणाऱ्याला ठरवू द्या. बसकडे पळणारी माणसं पत्रक घेत होती. दोघं-तिघं थांबलेसुद्धा. एक जण म्हणाला, "ताई, माझं पण असंच आहे, मी कंपनीत वेड्यासारखा घड्याळावर टॉर्च मारतो." त्याची सही घेतली.

दादा उशिरा बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर सुपरवायझर. खेडकडचा, पन्नाशीचा, मिशा भरघोस. दादाच्या भाषेत त्याची खूण मिशीला पीळ देणे हीच आहे.

"तुमीच का ती बहीण?" त्याने मला विचारलं.

"हो. आणि मला सांगायचंय की—"

"थांबा, आधी म्या सांगतो. तुमच्या भावानं आज मला कानात बोळं घालून हुभं केलं."

गोदामात आवाजासाठी फोमचे बोळे मिळतात, ते. दादा सुपरवायझरच्या पाठीमागे उभा होता आणि सगळं करून दाखवत होता. मिशीला पीळ, कानात दोन बोटं, रुबाबदार चाल. मला हसू आवरत नव्हतं.

"हासताय कशाला? मागच्या रांगंत नेलं. म्हनलं, बघू तरी काय म्हनतोय. जाकीट दिलं, म्या म्हनलं जाकीट कशाला, हितं हाय की अंधार. घड्याळ माझ्या हातात बांधलं आन् माझाच फोन घिऊन गेला निघून पुढं. हुभा मी. घड्याळ थरथरलं. बघतोय, काय दिसंना. कानात बोळं, म्हंजे मागून काय येतंय त्ये बी कळंना." त्याने टोपी काढून डोकं पुसलं. "घाबारलो, खरं सांगतो."

पाठीमागे दादाने घाबरलेल्या मिशा करून दाखवल्या.

"मागं काय करतोय त्यो?"

"काही नाही. पुढे काय झालं?"

"काय व्हायचंय? मलाच वाटायचं पोरगं मुद्दाम करतंय. तसं न्हाई त्ये." त्याने टोपी पुन्हा डोक्यावर बसवली. "टेबलाचं रद्द केलंय. रांगा त्याच्याच. पण म्या एक अट घातलीय, दिवं बदलंस्तवर फोर्कलिफ्ट त्या रांगंत शिरायच्या आधी मानूस पुढं चालंल. ड्रायव्हर कुरकुरनार, कुरकुरू द्या. आन् दिव्यांचं लिवून दिलंय."

"लिहून दिलंय म्हणजे कधी?" मला राहवलं नाही. "तारीख?"

"बगा, लगीच!" तो टपरीवाल्याला म्हणाला. "ह्यो शांत, आन् ही बगा." पण पुढच्याच आठवड्यात दिवे बदलले, हे मी इथे लिहून ठेवते. कौतुक करायचं तिथे करायला मला शिकवलेलं नाही, पण जमतं.

घड्याळाचं अजून काही झालेलं नाही. कंपनीकडून दुसरा मेल आला, त्यात सूचना नोंदवली असं होतं. मॅनेजरने मात्र स्वतः फोन करून विचारलं की अजून कुणाची अशी तक्रार आहे का. मी म्हटलं, सह्या पाठवते, बसा मोजत. पहाटे कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्या बायका आहेत, रखवालदार आहेत, तो टॉर्चवाला आहे. हे लोक गप्प बसणारे नाहीत, आणि मीही नाही. एका सेटिंगची तर गोष्ट आहे.

त्या सोमवारी दुपारी मात्र मी पत्रकं पिशवीत घातली आणि चहा मागवला. सुपरवायझर जायला निघाला होता, तो परत वळला. मला म्हणाला, "त्येला इचारा, 'मागं हो' कसं म्हनायचं हातानं? घड्याळ बिघडलं तर लांबून तरी सांगता यील."

मी विचारायच्या आधीच दादाने करून दाखवलं. सुपरवायझरने एका हातात चहाचा ग्लास धरून दुसऱ्याने प्रयत्न केला. दादाने 'असं नाही' म्हणून मान हलवली. ग्लास त्याच्या हातातून काढून घेऊन टपरीवर ठेवला, त्याचे दोन्ही तळवे धरून पुढे केले, बोटं सरळ केली. आमची बस आली. दादाने ती जाऊ दिली.